अंदमानातलं पहिलं वर्ष

२०१७च्या जूनमध्ये ह्यांची बदली पोर्ट ब्लेअरला झाली. नौदलातली ही आमची तिसरी बदली. सामान बांधायचं आणि नव्या क्वार्टरमध्ये लावायचं, एवढंच काम असं मला वाटलं होतं. दोन बॅगा आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन उतरलो तेव्हा धो धो पाऊस. बाकीचं सामान चेन्नईहून बोटीने यायचं होतं, त्याला दीड महिना लागला. आठव्या दिवशी हे सेलिंगला गेले.

पहिला त्रास उजेडाचा. घड्याळ मुंबईचंच, पण बेट पार पूर्वेला. जूनमध्ये पाचच्या सुमाराला लख्ख उजाडतं, डिसेंबरात संध्याकाळी सव्वापाचच्या आत दिवस मावळतो. मुलगा पहाटेच उठून बसायचा आणि संध्याकाळी न जेवता झोपायचा. महिनाभर मी त्याच्यावर चिडत राहिले. शेवटी जेवण सहाला आणि झोप साडेसातला केली, तेव्हा घर ताळ्यावर आलं.

खरं रडू आलं ते ऑगस्टच्या शेवटी. सामान आल्यावर लोखंडी कपाटात लावलं होतं, ते तीन आठवड्यांनी नीट उघडलं. ह्यांचे चामड्याचे बूट पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे झालेले. आईने दिलेल्या पैठणीच्या घडीवर राखाडी ठिपके. साडी मांडीवर घेऊन मी बराच वेळ तशीच बसले. शेजारच्या मल्याळी चेची आल्या, काही न बोलता परत गेल्या आणि साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब घेऊन आल्या. तो त्यांनी कपाटात खाली, कपड्यांपासून वीतभर लांब टांगला. रोज संध्याकाळी दोन तास लावायचा, आपण जागे असेपर्यंतच. रेशीम प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही, सुती कापडात गुंडाळायचं. नंतर बुरशी आली नाही. पैठणीवरचे ठिपके मात्र पूर्ण गेले नाहीत.

इतका पाऊस पडतो तिथे पाण्याची टंचाई येईल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. जानेवारीत पाऊस थांबला आणि मार्चपर्यंत धनीखारी धरणातलं पाणी खाली गेलं. नळ एक दिवसाआड, तोही अर्धा तास. मी ड्रम घ्यायला अबर्डीन बाजारात गेले तर संपलेले. ते डिसेंबरातच घेऊन ठेवावेत. भाजीचंही तसंच. मेनलँडची बोट लांबली की टोमॅटो, कोथिंबीर दिसत नाही. मग कच्ची पपई, केळफूल, पोईची भाजी करायला शिकले. सुरमई मात्र ताजी मिळायची.

समुद्राखालची इंटरनेट केबल २०२०मध्ये आली, आमच्या वेळी नव्हती. व्हिडिओ कॉलवर आईला नातवाचं थिजलेलं तोंडच दिसायचं, म्हणून साधा फोन लावायचो. सगळं सांगायचे तिला. पैठणीचं तेवढं साताऱ्याला सुट्टीवर जाईपर्यंत सांगितलं नाही.