टूसानमधली गारगोटी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागच्या फेब्रुवारीत एका शनिवारी टूसानला जाऊन आलो (स्पेलिंगमधला 'सी' गिळायचा, नाहीतर इथले लोक हसतात). फिनिक्सहून दोन तासांचा रस्ता, दोन्हीकडे वाळवंट. मागच्या सीटवर बाबांनी पाठवलेलं मुखत्यारपत्र. सिन्नरजवळची आमची जमीन विकायची आहे, सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. वाटेत नोटरी गाठू म्हटलं.

टूसानला सगळे सग्वारो बघायला जातात. घरापेक्षा उंच निवडुंग, पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं! नोव्हेंबरात गेलात तर ऑल सोल्स प्रोसेशन असतं. गेलेल्या माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या भल्यामोठ्या कलशात घालतात आणि शेवटी तो पेटवतात. पण माझं मत विचाराल तर फेब्रुवारीच.

कारण तेव्हा दगडांची जत्रा भरते. १९५५ साली काही हौशी मंडळींनी एका शाळेत प्रदर्शन मांडलं, त्याचं आता हे झालंय. दोनेक आठवडे गावभर तंबू. मोटेलच्या खोल्यांतले पलंग हलवून तिथेही दुकानं. न्हाणीघरात ठेवलेले अॅमेथिस्ट मी स्वतः पाहिलेत.

अशाच एका खोलीत थबकलो. पांढरे, काचेसारखे स्फटिक. खाली चिठ्ठी: नाशिक, इंडिया. ३४० डॉलर!

दुकानदार जळगावचे निघाले. म्हणाले, हे अ‍ॅपोफिलाइट, शेजारचं गुलाबीसर स्टिल्बाइट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजला, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावला की सापडतात.

विहीर! बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी खणलेली आमची विहीर. तिच्या कडेला असेच दगड पडलेले असायचे. आम्ही पोरं त्यांना सरसकट गारगोटी म्हणायचो आणि एकमेकांवर आपटून फोडायचो. (सिन्नरला गारगोटी नावाचं अख्खं संग्रहालय आहे. मी आजवर गेलेलो नाही, काय सांगू.)

"कुठले तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"सिन्नरचा."

"मग इथं कशाला विकत घेताय, राव?"

तरी एक तुकडा घेतलाच. बारा डॉलरला, टवका उडालेला.

रात्री बाबांना फोन केला. तिकडे रविवारची सकाळ. सगळं सांगितलं. ते हसले.

"अरे, असले पोतंभर पडलेत बांधावर. आजोबांनी वेचून रचलेत. नांगराला लागायचे ना."

मग जरा थांबून, "कागद पाठवलास का?"

"नाही अजून."

"बरं," म्हणाले. "घाई नाही तशी."