फोटोतलं विमान खरं, खालची ओळ खोटी

बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. फोटोखालची ओळ चुकली तर कुणी हूं की चूं करत नाही, आणि पन्नास वर्षांनी तोच पुरावा म्हणून पुढे येतो. हे आज लिहायचं कारण एक जुनं विमान.

तालुक्यातले एक काका वडिलांचा फोटो घेऊन आले. वडील हवाई दलात होते, आता हयात नाहीत. कृष्णधवल फोटो, तिरक्या उभ्या असलेल्या भल्यामोठ्या विमानासमोर नऊ जण. काकांची मागणी साधी होती. 16 डिसेंबरला, विजय दिवसाला फोटो छापा आणि खाली लिहा, '1971 च्या युद्धातील बॉम्बर विमानासह'. गावच्या ग्रुपवर तो याच ओळीने आधीच फिरला होता. पुढे कुणीतरी 'याच विमानाने कराचीवर बॉम्ब टाकले' हेही जोडून दिलं होतं.

मी म्हटलं, "काका, दोन दिवस फोटो माझ्याकडे राहू द्या."

विमान ओळखायला फार मोठं शास्त्र लागत नाही, क्रमाने बघावं लागतं. आधी इंजिनं मोजायची. इथे एका पंखावर दोन, म्हणजे एकूण चार, आणि पुढे फिरणारे पंखे. 1971 ला आपल्या हवाई दलाचं मुख्य बॉम्बर होतं कॅनबेरा. त्याला दोन जेट इंजिनं, बाहेर पंखे नाहीतच. त्या युद्धात एएन-12 ही चार पंख्यांची मालवाहू विमानंही बॉम्ब टाकायला वापरली होती, म्हणून तीही तपासली. पण तिच्या शेपटीवर उभं पातं एकच. या फोटोत दोन आहेत, लंबगोल, शेपटीच्या दोन टोकांना.

दोन पात्यांचं आणि चार इंजिनांचं म्हटलं की लोक लँकेस्टर म्हणतात. पण लँकेस्टर जमिनीवर शेपूट टेकवून, नाक वर करून उभं राहतं. हे विमान आडवं, सपाट उभं आहे, नाकाखाली चाक आहे आणि पंख अंगाच्या वरच्या बाजूला, खांद्याला लावल्यासारखे. हे अमेरिकन बी-24 लिबरेटर. दुसऱ्या महायुद्धात ही 18 हजारांहून जास्त बनली.

मग प्रश्न, ते कुणाचं? भिंग लावलं तर अंगावरचा नंबर दिसला. सुरुवातीची अक्षरं एच आणि ई. आपल्या हवाई दलाच्या लिबरेटरांचे नंबर असेच असायचे.

ही विमानं आपल्याकडे आली कशी, ती गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला बरीच लिबरेटरं निकामी करून टाकून दिली. अमेरिकेशी झालेल्या युद्धकाळातल्या कराराप्रमाणे ती वापरात ठेवायची नव्हती. स्वातंत्र्यानंतर देशाला बॉम्बर हवी होती, पैसे नव्हते. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून एकेक विमान उडण्यापुरतं जुळवलं आणि वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथे नीट दुरुस्ती झाली. 1948 मध्ये त्यांवर 5 नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. 1951 मध्ये पुण्याला 6 नंबरची उभी राहिली, तिचं काम समुद्रावरची टेहळणी. जगाने केव्हाच मोडीत काढलेलं हे विमान आपण 1968 च्या अखेरपर्यंत उडवलं. आज परदेशातल्या संग्रहालयांत उभी असलेली काही लिबरेटरं आपल्याकडूनच गेलेली आहेत.

म्हणजे 1971 ला हे विमान सेवेतच नव्हतं. कराचीचा प्रश्नच येत नाही.

काकांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे आमचे दादा खोटं बोलले?"

मी विचारलं, "1971 म्हणून कोण म्हणालं?" आठवत आठवत निघालं की दादा तसं कधीच बोलले नव्हते. 'पुण्याला मोठ्या विमानावर मेकॅनिक होतो' एवढंच सांगायचे. युद्धाची ओळ नातवाने ग्रुपवर टाकताना घातली होती. फोटो 1971 चा नाही म्हणजे दादा 1971 ला सेवेत नव्हते, असंही होत नाही. ते त्यांच्या सेवापुस्तकावरून कळेल, फोटोवरून नाही. काकांना म्हटलं, भंगारातून उभं केलेलं विमान उडतं ठेवणारा मेकॅनिक हा काय कमी माणूस आहे का?

फोटो छापला. ओळ अशी: 'पुणे येथे लिबरेटर विमानासमोर हवाई दलातील सहकारी, 1968 पूर्वी.' ग्रुपवर मात्र अजून कराचीच चालू आहे.

सीमेवर तणाव वाढला की असे फोटो दर तासाला येतात. व्हिडिओ गेममधली विमानंही खरी म्हणून खपतात. शंका विचारली की 'देशप्रेम नाही का?' हे ठरलेलं. माझ्या मते जवानाचा मान खऱ्या ओळीने राहतो. त्याने न केलेलं काम त्याच्या नावावर चढवलं की त्याने केलेलं काम पुसलं जातं.

घरात असे फोटो असतील तर एक करा. जुनी माणसं आहेत तोवर विचारून घ्या, कोण, कुठे, कधी. मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. माहीत नसेल तिथे जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका.