मामा, कोणती घेऊ?

भाच्याला नोकरी लागून दोन वर्षं झाली. पगार बरा आहे, लग्नाचं नाव काढू देत नाही, आणि आता साहेबांना सुपरस्पोर्ट हवी आहे. घरात मोटरसायकलवाला मी एकटाच, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला. पाठोपाठ ताईचा फोन. "तू नाही म्हण, तुझं ऐकतो तो." आता ताई इथे नेमाने वाचते, भाचाही वाचतो (कबूल करत नाही), तेव्हा दोघांना एकदाच काय ते लिहून सांगतो.

त्याच्या मनात बसली आहे कावासाकीची झेडएक्स-६आर. ६३६ सीसी, चार सिलेंडर. जानेवारी २०२४ मध्ये ती आपल्याकडे परत आली तेव्हा किंमत होती ११ लाख ९ हजार, तीही एक्स-शोरूम. गाडी देखणी आहे, वादच नाही. ते इंजिन वर चढताना जो आवाज करतं ना... असो. पण ही जात मुळात रेसच्या ६०० सीसी वर्गासाठी जन्माला आलेली. तिची पूर्ण ताकद तेरा हजार आरपीएमच्या आसपास मिळते, आणि तिथे पोचेपर्यंत पहिल्याच गिअरमध्ये शंभरी ओलांडलेली असते. आपल्या चौपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादा ८० ची. एक्स्प्रेस-वेवर तर प्रवेशच नाही, मुंबईला जायचं तर जुन्या हायवेनं ट्रकच्या मागे मागे. म्हणजे ज्या ताकदीसाठी पैसे मोजले ती रस्त्यावर वापरायचीच नाही. सिंहगड रोड ते हिंजवडी रोज वाट्याला येणार ते मनगटांवर पडलेलं अंगाचं वजन आणि मांड्यांना लागणारी इंजिनाची धग.

"पण मामा, ट्रॅकवर नेईन की!"

नेशील रे. पण कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ३.७ किलोमीटर, बारा वळणं. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. तिन्ही पुण्यापासून हजार किलोमीटरच्या पलीकडे. वर्षात दोनदा जमलं तरी डोक्यावरून पाणी.

मी २०१९ मध्ये चेन्नईला गेलो होतो, माझी जुनी आरसी ३९० टेम्पोत घालून. आरसे काढायचे, हेडलाइटला टेप लावायची, कूलंट काढून साधं पाणी भरायचं (कूलंट सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि मागचा माणूस घसरतो). सकाळी टायरची हवा मोजताना हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. पण दुपारपर्यंत एक गंमत कळली. सरळ पट्ट्यावर हजार सीसीवाले बघता बघता दिसेनासे व्हायचे, आणि पुढच्या वळणाच्या तोंडाशी पुन्हा माझ्यापुढे उभे! सगळे नव्हेत, त्यातले दोघं-तिघं खरेच पोचलेले होते. पण बाकीच्यांचा सगळा जीव गाडी आवरण्यात जात होता. वळण शिकायला त्यांच्याकडे काही उरतच नव्हतं.

कीथ कोड नावाचा अमेरिकन प्रशिक्षक आहे. 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' या १९८३ च्या पुस्तकात त्यानं हेच सांगितलंय. माणसाचं लक्ष म्हणजे खिशातले दहा डॉलर, गाडी चालवताना ते कुठे कुठे खर्च करायचे ते ठरवायचं. नवशिक्याच्या हातात सव्वाशे घोडे दिले की नऊ डॉलर भीतीतच संपतात. माझ्या ३९० वर मला त्या दिवशी निदान पाच-सहा तरी शिल्लक होते.

आणि ट्रॅकवर निदान पडायला जागा असते. ताम्हिणीत नसते. माझ्या एका मित्राचा पाय तिथेच मोडला. वळणापलीकडे म्हशी, वेग साठच्या आसपास, एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला दरी. तो आजही थोडा लंगडतो. ताईला हे माहीत आहे, म्हणूनच तिचा आवाज फोनवर तसा येतो.

आणखी एक गोष्ट शोरूमवाला आपणहून सांगत नाही. गाडीच्या नेहमीच्या विम्यात रेसिंग आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर अकरा लाखांची गाडी लोळली तर पैसे आपलेच. एक फेअरिंग बदलायचा खर्च ऐकून बघ एकदा.

मग काय घ्यायचं? मजा अशी की पर्याय आपल्याच जिल्ह्यात बनलेत. चाकणची आरसी ३९०, ३७३ सीसी, एक सिलेंडर, वळणात खोडकर, पण हायवेवर तासाभरात हातांना मुंग्या आणते. बारामतीच्या कारखान्यातली एप्रिलिया आरएस ४५७, दोन सिलेंडर, साधारण ४७ घोडे, डिसेंबर २०२३ मध्ये आली ती ४ लाख १० हजाराला. तिकडे होसूरची टीव्हीएस आरआर ३१०. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वर ४० टक्के जीएसटी आणि खाली १८ टक्के, त्यामुळे हिशोबात तीच सगळ्यांत शहाणी. तरी मी बारामतीला मत देतो. दोन सिलेंडर लांबच्या रस्त्यावर सुखाचे, हँडल फार खाली नाही, आणि ट्रॅकवर तिची सगळी ताकद वापरता येईल. सहाशेची ताकद त्याला पुढची पाच वर्षं तरी वापरता येणार नाही. राग मानू नकोस रे.

ताई, मी 'नाही' म्हणणार नाही. नाही म्हटलं तर हा पोरगा कुणाची तरी जुनी हजार सीसी हप्त्यावर घेऊन येईल, आणि ती तुला चावी दिसेपर्यंत कळणारही नाही. माझी अट एकच. वाचलेल्या पैशांतून आधी ट्रॅक स्कूल, मग बाकीची हौस. लेदर सूट मी देतो, मापं घ्यायला रविवारी पाठव. भावजींना इतक्यात किंमत सांगू नकोस.