गाटा लूप्सवरील पाण्याच्या बाटल्या

मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता सरचूचे पठार ओलांडून एका उघड्याबोडक्या डोंगरावर चढू लागतो. एकवीस वळणांच्या या चढाला ‘गाटा लूप्स’ म्हणतात. वळणांच्या कडेला दगडांचे एक लहानसे स्थान असून तेथे पाण्याच्या बाटल्यांची रास साचलेली दिसते.

त्यामागची कथा ट्रकचालक सांगतात. हिवाळ्यासाठी रस्ता बंद होण्याच्या बेतात असताना येथे एक मालट्रक बिघडला. चालक मदत आणावयास गेला आणि मालाच्या राखणीसाठी क्लीनर मागे राहिला. बर्फाने वाट अडली. चालक परतला तेव्हा क्लीनर तहानेने आणि थंडीने गतप्राण झालेला होता. या कथेत खरे किती आणि भर किती, हे कोणी तपासत बसत नाही. पुण्या-मुंबईहून आलेला मोटारसायकलस्वारही येथे क्षणभर थांबतो, एक बाटली ठेवतो आणि पुढे निघतो.

२०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून हा मार्ग सुमारे ४३० किलोमीटरचा झाला आहे. चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावरील टांडीच्या पेट्रोल पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक प्रवाशांच्या चांगल्या परिचयाचा आहे. केलाँग मागे पडल्यावर दुरुस्तीची सोयही विरळ होत जाते. पुढे बारालाचा ला, लाचुंग ला आणि ५,३०० मीटरांहून उंच असलेला तांगलांग ला या खिंडी लागतात. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. माणसाला धाप लागते, तशीच इंजिनालाही लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवेच्या मानाने पेट्रोल अधिक जाते, स्पार्क प्लग काजळतो आणि गाडी चढावर अडखळते. फ्युएल इंजेक्शनची गाडी हे प्रमाण स्वतः सांभाळते. तरी तिचीही ताकद घटतेच.

मात्र या वाटेवर गाडी अडते ती बहुधा लहानशा कारणाने. क्लच केबल तुटते, ट्यूब पंक्चर होते, हादऱ्यांनी नट-बोल्ट ढिले होतात, नाल्याचे पाणी एअर फिल्टरमध्ये शिरते. जाणता स्वार म्हणून घरूनच तयारी करतो. जादा क्लच केबल तो जुन्या केबलच्या शेजारीच ओवून ठेवतो. तुटली की केवळ टोके बदलायची. क्लच आणि ब्रेकच्या मुठींचे बोल्ट तो किंचित सैल राखतो, म्हणजे गाडी पडली तर मूठ मोडण्याऐवजी फिरते. प्लग, ट्यूब, फ्यूज, पाने आणि हवा भरण्याचा पंप सामानात वरच ठेवतो. बर्फ वितळून दुपारनंतर नाल्यांचे पाणी चढते, म्हणून ते सकाळीच ओलांडतो. ज्या दुकानदाराला वर्षअखेरीपूर्वीच आपली तूट ठाऊक असते, त्याच्यासारखाच हा हिशेब आहे.

इतके करूनही एखादे दिवशी गाडी सुरू होत नाही. क्लच प्लेट जळालेली असते, ऊन उतरू लागलेले असते आणि वारा बोचू लागतो. खरी परीक्षा येथे होते. लाखांची गाडी उघड्यावर टाकून जाणे जिवावर येते. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला तर मालाजवळ थांबणे हाच धर्म वाटतो. परंतु पुरेशी सवय न झालेल्या शरीराला या उंचीवरची एक रात्रही महागात पडू शकते. डोकेदुखी, मळमळ, वाढती धाप ही लक्षणे दिसताच खाली उतरणे हाच उपाय असतो. अशा वेळी येणाऱ्या ट्रकला हात करावा. त्यात जागा असेल तर गाडीही चढवावी, नसेल तर कडेला लावून, कुलूप घालून, किलोमीटरच्या दगडाची नोंद करून निघावे. एकाने गाडीपाशी थांबावे आणि दुसऱ्याने मदत आणावी, हा बेत तर मुळीच करू नये. या वाटेवरचे चालक अडलेल्याला सहसा ओलांडून जात नाहीत. उद्या तीच वेळ आपल्यावर येईल, हे ते जाणतात.

गाडी दुसऱ्या दिवशी पिकअपमधून लेहला आणता येते, प्लेट बदलता येते, झालेला खर्च वहीत मांडता येतो. गाटा लूप्सवरच्या त्या बाटल्या मात्र अशा खर्चाच्या आहेत, जो कोणत्याही वहीत भरून निघाला नाही.