माँ रेवा आणि अप्पा

परवा लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, सध्या काय ऐकताय?" पन्नाशी उलटली तरी बाप रॉक बँड ऐकतो याची तिला गंमत वाटते. मी यादी दिली: दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' (२०२४), इंडियन ओशनचा 'तू है' (२०२३), बंगळुरूच्या परवाझचा 'कुन' (२०१९). पण काहीही ऐकलं तरी शेवटी मी परत येतो तो इंडियन ओशनच्या २००० सालच्या 'कंदिसा'वर.

ती कॅसेट मी रावपुऱ्यातून आणली होती. तेव्हा दांडियाबाजारच्या घरात अप्पांचा दरारा. त्यांची सगळी नोकरी नर्मदेच्या धरणावर आणि कालव्यावर गेलेली. घरात धरणाविरुद्ध बोलायची सोय नव्हती. टीव्हीवर मेधा पाटकर दिसल्या की अप्पा उठून गॅलरीत जात. गाण्याचंही तेच. ज्या बडोद्यात फैयाज खाँ गायले, तिथे हा धांगडधिंगा?

एका रात्री 'माँ रेवा' लागलं होतं. अप्पा दारात येऊन उभे राहिले.

"तबल्यावर कोण रे?"

"असीम चक्रवर्ती."

"हात चांगला आहे. परत लाव."

मग ते अधूनमधून स्वतःहून मागायला लागले, "ते रेवाचं लाव रे." एक गोष्ट मात्र मी लपवली. बँडचे बेस गिटारवाले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते आणि हे गाणं नर्मदेच्या खोऱ्यातलं, तिथूनच आलेलं. सांगितलं असतं तर कॅसेट बंद झाली असती.

२००९ च्या डिसेंबरात असीम गेले. बातमी सांगताना बाकीचंही तोंडातून निघून गेलं. अप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "केवडियाला सर्व्हेवर होतो तेव्हा काठावरच्या गावात बायका असंच काहीसं म्हणायच्या. संध्याकाळी. ते गाव आता पाण्याखाली आहे."

धरण चुकलं असं ते कधीच म्हणाले नाहीत. पण त्या दिवशी गाणं संपल्यावर त्यांनीच उठून कॅसेट उलटी केली.

पाच वर्षांनी त्यांच्या अस्थी घेऊन आम्ही चांदोदला गेलो. संगमावर नाव थांबली, गुरुजींचे मंत्र चालू होते आणि माझ्या डोक्यात तो तबला.

मागे मुंबईला इंडियन ओशनला समोर बसून ऐकलं. राहुल राम आता पिकल्या केसांचे. 'माँ रेवा' सुरू झालं तशी आजूबाजूची पोरं टाळ्यांनी ठेका धरायला लागली. मला काही ते जमेना. बायकोने नुसता हात धरला.

लेकीला फोनवर यादी दिली, हे सांगायचं राहून गेलं. ती इथलं सगळं वाचते, म्हणून इथेच लिहिलं.