जन्मतारखेला घड्याळ लावू नका



आज थोडं ऑफिसातलं, थोडं घरचं. जे आयटीत नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही, कोड अजिबात नाही :-)

तर झालं असं. आमची टीम इथल्या एका दवाखान्यांच्या साखळीसाठी पेशंटच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर सांभाळते. एके सकाळी तक्रार आली. साठी उलटलेले एक गृहस्थ रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी वुडलँड्सहून आले होते. ओळखपत्रावर जन्मतारीख १२ मार्च १९५८, आमच्या स्क्रीनवर ९ मार्च. नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळल्याशिवाय रक्त घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सॉरी अंकल." आणि अंकल तसेच उपाशी परत गेले.

मी नेहमीचं उत्तर लिहून टाकलं, "टायपिंगची चूक दिसते, दुरुस्त करून घ्या." दहा मिनिटांत तिचा फोन. तिने १२ करून सेव्ह केलं होतं, पुन्हा उघडलं तर ११. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

आता थोडी पार्श्वभूमी. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी जेसनमध्ये बोलतात. जेसन म्हणजे साधा मजकूर. त्यात आकडे, स्ट्रिंग, खरं-खोटं, नल, याद्या आणि ऑब्जेक्ट एवढेच प्रकार. तारीख नावाचा प्रकारच नाही. त्यामुळे तारीख पाठवायची तर तिचा मजकूर करावा लागतो, आणि पलीकडे त्या मजकुराची पुन्हा तारीख. जावास्क्रिप्टला डेट ऑब्जेक्ट दिला की तो मुकाट्याने त्याचं यूटीसी करतो, म्हणजे ग्रीनिचची वेळ, आणि शेवटी 'झेड' लावतो. परत वाचताना मात्र नुसती स्ट्रिंग हातात येते. तिची तारीख कशी करायची ते आपलं आपण बघायचं.

डेट ऑब्जेक्ट म्हणजे नावाला तारीख. खरं तर तो काळातला एक क्षण असतो. म्हणून १२ मार्च म्हटलं की तो १२ मार्चची मध्यरात्र धरतो. आमच्या सर्व्हरवर कोणीतरी (म्हणजे मीच, चार वर्षांपूर्वी) लिहून ठेवलं होतं की सिंगापूर म्हणजे यूटीसी अधिक आठ तास. इथे उन्हाळी वेळ वगैरे भानगड नाही, त्यामुळे कायमचा आठ. १२ मार्चची मध्यरात्र म्हणजे यूटीसीने ११ मार्च, दुपारचे चार. इथपर्यंत ठीक.

पण १९५८ साली सिंगापूर आठ तास पुढे नव्हतंच! साडेसात तास होतं. ३१ डिसेंबर १९८१ च्या रात्री साडेअकरा वाजता इथली घड्याळं अर्धा तास पुढे ढकलून थेट बारा करण्यात आली. मलेशियाने आपल्या पश्चिम भागाची वेळ सबाह-सरावाकशी जुळवली आणि सिंगापूरही बरोबर गेलं. त्याआधी जपान्यांच्या ताब्यात असताना, १९४२ ते १९४५, इथे चक्क टोकियोची वेळ चालायची. आणि हा सगळा इतिहास ब्राउझरला माहीत असतो, कारण तो टाइमझोनची जुनी कोष्टकं वापरतो. त्याने यूटीसीचे दुपारचे चार घेतले, १९५८ च्या नियमाने साडेसात तास मिळवले आणि उत्तर काढलं ११ मार्च, रात्रीचे साडेअकरा. अर्ध्या तासाने दिवस गेला.

पुढचं आणखी वाईट. पेशंटचा फोन नंबर बदलून फॉर्म सेव्ह केला की ती चुकलेली तारीखही सेव्ह व्हायची. पुढच्या वेळी पत्ता बदलला, आणखी एक दिवस मागे. अंकल असे तीन दिवस मागे सरकले होते.

आम्हाला का दिसलं नाही? टीममधले सगळे १९८२ नंतर जन्मलेले, आणि टेस्टिंगसाठी आम्ही आमच्याच जन्मतारखा टाकलेल्या. बग फक्त म्हाताऱ्यांना सापडत होता.

दुरुस्ती दोन ओळींची. जन्मतारखेचं डेट ऑब्जेक्ट करायचंच नाही. '१९५८-०३-१२' एवढा मजकूर जसाच्या तसा जाऊ द्यायचा आणि यायचा, वेळ नाही, झेड नाही. सर्व्हरवर जावाचं लोकलडेट आहे, त्याला घड्याळच नसतं. रक्त कधी घेतलं हा मात्र खरा क्षण, तो यूटीसीतच ठेवला. नुकसान निस्तरायला मात्र आठवडा गेला. १९८२ पूर्वीच्या सगळ्यांना सरसकट एक दिवस वाढवून चालेना, कारण कोण किती वेळा सेव्ह झालंय याचा नेम नाही. शेवटी बदलांच्या नोंदी उपसून प्रत्येकाची पहिली तारीख शोधली.

आता घरचं. माझी मुलगी इथे जन्मली, ८ जुलैला रात्री बारा चाळीसला. सांगलीत तेव्हा ७ जुलैचे रात्रीचे दहा वाजून दहा मिनिटं झाले होते. आई जागीच होती. ती आजही सात तारखेलाच फोन करते. "जन्मली तेव्हा इथं सातच होती, आणि सूर्य उगवेपर्यंत वार बदलत नाही." दरवर्षी मी तिला दाखला वाचून दाखवतो, दरवर्षी ती ऐकत नाही.

पण पत्रिका करायला तिने गुरुजींना वेळ सांगितली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "कुठली वेळ? तिथली की इथली? आणि गाव कोणतं?" पत्रिकेला क्षण लागतो, म्हणून त्यांनी घड्याळ विचारलं. वाढदिवसाला नुसती तारीख लागते, तिथे घड्याळाचं काही काम नाही. हा फरक गुरुजींना पंचांगावरून माहीत होता. मला चार वर्षं कळला नाही.

तुमच्यापैकी कोणी असलं सॉफ्टवेअर सांभाळत असेल तर आजच एक करा. सिंगापूरचा १९७० चा जन्म घालून दोनदा सेव्ह करून बघा. भारतातला १९४३ चाही घाला, तेव्हा महायुद्धामुळे आपलीही घड्याळं तासभर पुढे होती. अमेरिकेतल्या मंडळींनी तर नुसती '१९५८-०३-१२' ही स्ट्रिंग डेटला देऊन बघावी. तो ती यूटीसीची मध्यरात्र समजतो, आणि न्यू जर्सीत आदल्या दिवसाची संध्याकाळ दिसते.

अंकल पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, तारीख जुळली, रक्त घेतलं. काउंटरवरच्या मुलीने मुद्दाम फोन करून सांगितलं. त्यांना पुन्हा एकदा वुडलँड्सहून उपाशी यावं लागलं, त्याची भरपाई मात्र कुठल्याच पॅचमध्ये नव्हती.

कळावे, लोभ असावा.
एक सिंगापूरकर