कॅमेरा कुठे होता?

जुन्या प्रवासातला फोटो कुठला, हे शोधायला बसलो की मी आधी माणसांवर कागद ठेवून ती झाकतो. चेहरे नजर ओढून घेतात, आणि फोटो काढणाऱ्याचंही सगळं लक्ष त्यांच्यावरच असतं. पत्ता मात्र त्यानं न पाहिलेल्या भागात असतो: डोंगराच्या कडेत, कठड्याच्या दगडात, कोपऱ्यात अर्धवट आलेल्या पाटीत. मागचा मजकूर मी सगळ्यात शेवटी वाचतो. तो बहुधा पुढे कधीतरी, अल्बम लावताना, घरातल्या कुणीतरी आठवणीवर विसंबून लिहिलेला असतो.

एका ओळखीच्या काकूंनी आणलेल्या फोटोमागे ‘खंडाळा’ असं होतं. फोटो कृष्णधवल, दातेरी कडांचा. त्यांचे आई-वडील कड्याशी उभे, मागे दरी, दरीपलीकडे सपाट माथ्याचा लांबट डोंगर. त्याच्या डाव्या टोकाला एक सुळका आणि दोहोंमध्ये खोल खाच. सह्याद्रीत हिंडलेल्या कुणालाही ती खाच परकी नाही. प्रबळगड आणि त्याच्या उत्तर टोकाची कलावंतीण.

पण डोंगर ओळखला म्हणजे जागा सापडली, असं होत नाही. मला हवी असते ती कॅमेऱ्याची जागा. पनवेलच्या बाजूनं, म्हणजे पश्चिमेकडून, कलावंतीण डावीकडे दिसते. पूर्वेला माथेरानवरून पाहिलं तर उजवीकडे. फोटोत ती डावीकडे होती. म्हणजे पनवेलची बाजू?

ते पटेना, कारण प्रबळच्या माथ्यावरून त्याच्याही पलीकडचा धूसर मुलूख डोकावत होता. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या पातळीवर असतं. जो माथा क्षितिजाच्या खाली दिसतो, तो कॅमेऱ्याहून ठेंगणा. प्रबळगड साधारण ७०० मीटर, माथेरान ८००. पश्चिमेच्या पायथ्यातून, अगदी प्रबळमाचीवरूनही, प्रबळचा कडा आभाळात चढलेला दिसतो. इथे तर आपण त्याच्याकडे वरून बघत होतो.

असे दोन पुरावे भांडायला लागले की मला खरा हुरूप येतो. दोन्ही खरे असतील, तर तिसरं काहीतरी आहे. भिंग वडिलांच्या शर्टावर नेलं. छातीचा खिसा त्यांच्या उजव्या अंगाला, बटणपट्टीही उलटी. प्रिंट काढताना निगेटिव्ह उलटी बसली होती! फोटो आरशासमोर धरला आणि कलावंतीण उजवीकडे गेली. माथेरान.

मग उरली माथेरानची पश्चिम कड. तीही लहान नाही. इथे मी जवळचं आणि लांबचं जुळवतो. लांबचा प्रबळ आपण पन्नास पावलं सरकलो तरी फारसा हलत नाही, पण जवळची सोंड त्याच्यापुढून झरझर सरकते. सोंडेचं टोक खाचेच्या बरोबर खाली येतं, ही झाली एक रेघ. दुसरीकडे अशीच एक जोडी जुळली की दुसरी. दोन्ही नकाशावर आखल्या. जिथे छेदल्या तो लुईझा पॉइंटचा परिसर होता.

आणखी एक गोष्ट या फोटोनं दिली, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. क्षितिजाची रेघ वडिलांच्या कमरेवरून जात होती. जमीन सपाट, तेव्हा कॅमेराही तेवढ्याच उंचीवर असणार. म्हणजे वरून खाली बघत, पोटाशी धरून फोटो घ्यायचा जुना कॅमेरा. आई-बाबा दोघंही फोटोत आहेत, तेव्हा तो धरणारा तिसरा कुणीतरी होता. त्याचं नाव काकूंना आठवत नाही, पण तो कसा उभा होता हे आता आम्हाला ठाऊक आहे.

‘खंडाळा’ खोडू नका, असं मी त्यांना सांगितलं. कदाचित तिथेही ते त्याच सहलीत गेले असतील. त्याच्याखाली मऊ पेन्सिलीनं नवी जागा लिहा आणि ती कशावरून ठरली हेही लिहा, म्हणजे उद्या कुणाला तपासता येईल.

काकू म्हणाल्या, “बाबा उभे होते ना, तिथंच मला उभं राहायचंय.”

मग पुढचं सांगितलं. गाडी दस्तुरीला ठेवा, अमन लॉजहून मिनी ट्रेननं वर जा. लुईझाला सकाळीच पोचा, कारण दोघांच्या तोंडावर ऊन आहे आणि तोंडं पूर्वेकडे आहेत. दुपारनंतर ऊन पाठीमागून येईल. आणि फोटो काढणाऱ्याला फोन डोळ्यांशी न नेता कमरेपाशी धरायला सांगा.